सुरतेच्या आडवाटा

मराठी मुलाला सुरत प्रथम भेटते ती इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात, आणि तीही तीन प्रसंगी. पहिला प्रसंग १६६४ चा आणि १६७० चा, शिवाजीमहाराजांच्या दोन स्वाऱ्यांचा. दुसरा १७७५ चा, राघोबादादांनी इंग्रजांशी केलेल्या तहाचा. तिसरा १९०७ चा, राष्ट्रसभेत जहाल आणि मवाळ यांची ताटातूट झाली त्या अधिवेशनाचा. लूट, तह आणि फूट या तीन शब्दांत सुरत आपल्याकडे आटोपली जाते. परीक्षेत तेवढे पुरतेही. परंतु ज्या नगरीत हे प्रसंग घडले ती स्वतः कशी होती, कोणाच्या बळावर उभी राहिली, आणि इतके आघात सोसून आजवर जिवंत कशी राहिली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. त्याचे उत्तर शोधायचे असेल तर कापडबाजाराचा रुंद रस्ता सोडून प्रवाशाने थोडे आडवाटेने गेले पाहिजे.

सुरत मुंबईच्या उत्तरेस, तापीच्या दक्षिण तीरावर वसली आहे. ही तापी आपल्याला परकी नव्हे. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते, भुसावळच्या बाजूने खानदेश ओलांडते आणि सातशेवीस किलोमीटरांहून अधिक प्रवास करून सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेचे लोक तापीचा जन्मदिवस साजरा करतात. नदीचा वाढदिवस करणाऱ्या नगरीला पाण्याची किंमत ठाऊक असली पाहिजे, आणि सुरतेला ती आरंभापासून ठाऊक होती. म्हणूनच आडवाटेचा पहिला मुक्काम एका तळ्याकाठी करावा.

हे गोपी तलाव. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या दरबारात मलिक गोपी नावाचा एक ब्राह्मण मुत्सद्दी होता. तो व्यापारीही होता आणि कारभारीही. गोव्याच्या आल्बुकर्कशी त्याचा पत्रव्यवहार होता. समुद्रापलीकडून आलेल्या या नव्या सत्तेशी लढावे की समेट करावा, याचा विचार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांपैकी तो एक होय. त्याने सुरतेत वस्ती वसविली, तिला आजही गोपीपुरा म्हणतात, आणि नगरीला पाणी मिळावे म्हणून हे तळे बांधले. १६६६ साली आलेल्या थेवनो या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन केले आहे. तळ्याला सोळा बाजू होत्या, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या आणि मध्यभागी एक लहानशी दगडी वास्तू होती. गोपीचा शेवट मात्र चांगला झाला नाही. सुलतानाची मर्जी फिरली आणि त्याला देहान्त शासन झाले. पुढे तळेही आटले आणि त्याच्या पात्राला शहराने चोहोंकडून वेढून टाकले. एकविसाव्या शतकात महापालिकेने ते पुन्हा खणून, पायऱ्या बांधून पाण्याने भरले, आणि २०१५ पासून ते लोकांसाठी खुले आहे. आज तेथे मुले नावांत बसून फिरतात. ज्याला राजाने मारले त्याचे नाव पाचशे वर्षांनंतर पाण्यावर टिकून आहे. त्या सुलतानाचे नाव सांगू शकणारा माणूस तेथे शोधूनच काढावा लागेल.

तळ्यानंतर किल्ला पाहावा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत सुरत एकाहून अधिक वेळा जाळली. तेव्हा सुलतान तिसऱ्या महमूदच्या आज्ञेवरून खुदावंदखान या सरदाराने १५४० ते १५४६ च्या सुमारास तापीकाठी हा कोट उभारला. दगडांच्या सांध्यांत लोखंडी पट्ट्या बसवून त्यांवर शिसे ओतल्याचे सांगतात. एवढ्या तयारीचा हा किल्ला अकबराने १५७३ साली सुमारे दीड महिन्याच्या वेढ्यानंतर घेतला. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि नगरी उघडी पडली. १७५९ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. नगरीला संकटातून वाचवावे यासाठी बांधलेला हा किल्ला संकटाच्या वेळी बहुधा अधिकाऱ्यांनाच उपयोगी पडला. अलीकडच्या काळात त्याची चांगली दुरुस्ती झाली असून आत संग्रहालय मांडले आहे.

तटबंदीची कथाही अशीच आहे. महाराजांच्या पहिल्या स्वारीच्या वेळी सुरतेला धड तटच नव्हता. त्यानंतर औरंगजेबाच्या हुकमाने विटांचा तट उभा राहू लागला. पुढे त्याच्या बाहेर दुसरा तट आला. आज दोन्ही तट जवळजवळ नाहीसे झाले आहेत, मात्र दरवाजे लोकांच्या तोंडी राहिले. दिल्ली दरवाजा, लाल दरवाजा, कतारगाम दरवाजा, सहारा दरवाजा ही आता रिक्षावाल्याला सांगावयाची ठिकाणे आहेत.

त्या पहिल्या स्वारीविषयी एक गोष्ट सुरतेत उभे राहून आठवण्यासारखी आहे. बर्नियर हा फ्रेंच वैद्य त्या काळी मोगलांच्या पदरी होता. त्याने लिहून ठेवले आहे की, कापुचिन पंथाचे पाद्री फादर अँब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लावला नाही, कारण हे पाद्री सज्जन आहेत अशी त्यांची खात्री होती. डच कंपनीच्या एका दिवंगत दलालाचे घरही त्यांनी असेच वगळले. तो मनुष्य हयातीत मोठा दानशूर होता, हे त्यांच्या कानी आले होते. उलट विरजी व्होरा या व्यापाऱ्याच्या वाड्यातून फार मोठे द्रव्य गेले. त्याच्या संपत्तीचा इंग्रजांचा अंदाज ऐंशी लक्ष रुपयांचा होता. स्वराज्यासाठी द्रव्य हवे होते आणि ते मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून घेतले गेले, हा त्या स्वारीचा राजकीय अर्थ झाला. परंतु त्या धामधुमीतही कोणत्या दारावर थाप मारू नये याचा विवेक राहिला, ही गोष्ट लूट या एका शब्दात मावत नाही.

नगरीचे खरे बंदर नगरीत नव्हतेच. तापीच्या मुखात गाळ फार, त्यामुळे मोठी गलबते वर येऊ शकत नसत. ती पश्चिमेस सुवाळीच्या किनाऱ्याला नांगरीत. तेथे वाळूचा एक लांब दांडा समुद्राला आडवा पसरला होता आणि त्याच्या आत गलबतांना आसरा मिळे. १६०८ साली विल्यम हॉकिन्सचे हेक्टर जहाज सुरतेला लागले. १६१२ साली सुवाळीजवळ इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या आरमाराला तोंड दिले, आणि त्या चकमकीनंतर त्यांना सुरतेत वखार घालण्याची वाट मोकळी झाली. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला. इंग्रजी सत्तेचे भारतातील पहिले पाऊल कोणते, असे विचारले तर सुवाळीच्या या वाळूकडे बोट दाखवावे लागेल. तेथे त्या प्रसंगांच्या खुणा फारशा नाहीत. समुद्रावर हौशी मंडळी फिरायला येतात आणि दक्षिणेला हजीऱ्याच्या कारखान्यांची धुरांडी दिसतात.

सुवाळीच्याच बाजूला एका विलक्षण प्रवाशाची स्मृती आहे. टॉम कोर्याट नावाचा हा इंग्रज पश्चिम आशियातून जवळजवळ पायी चालत अजमेरपर्यंत आला. त्याच्यामागे कंपनी नव्हती, माल नव्हता, मोठा द्रव्यसंचयही नव्हता. देश पाहावेत, भाषा शिकाव्यात आणि परत जाऊन लिहावे एवढाच त्याचा उद्योग. १६१७ च्या डिसेंबरात तो सुरतेत मरण पावला. केवळ प्रवास करावा म्हणून भारतात आलेल्या युरोपियनांत त्याचा क्रम फार वर लागेल.

जे व्यापारासाठी आले त्यांची विश्रांतिस्थाने नगरीत कतारगाम दरवाजाच्या परिसरात आहेत. इंग्रजांची दफनभूमी पाहून अनोळखी माणूस प्रथम गोंधळतो. ख्रिस्ती थडगे म्हणजे साधा दगड आणि त्यावर क्रूस ही आपली कल्पना. येथे मात्र घुमट, कमानी आणि मजल्यावर मजला अशा वास्तू उभ्या आहेत. मोगल अमिरांचे मकबरे पाहून या व्यापाऱ्यांनाही तसेच थाटाचे चिरस्थान असावेसे वाटले. सर्वांत मोठी वास्तू ऑक्सेंडन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ साली वारला आणि थोरला सर जॉर्ज १६६९ साली. महाराजांच्या पहिल्या स्वारीत इंग्रजांची वखार ज्याने राखली तो हाच जॉर्ज. ख्रिस्तोफरच्या थडग्यावरील लॅटिन लेख जमाखर्चाच्या भाषेत आहे. त्याच्या खात्यात वर्षे नव्हे, दिवसच मांडता आले, कारण मृत्यूने हिशेब फार लवकर मागितला, अशा आशयाचा तो मजकूर आहे. सुरतेच्या मातीत शोकदेखील वहीखात्याच्या शब्दांत व्यक्त व्हावा, हे त्या नगरीच्या स्वभावाला धरूनच झाले.

इंग्रजांवर ताण करावी या ईर्षेने डचांनी आपल्या दफनभूमीत हेन्ड्रिक व्हान रीड याचे स्मारक उभारले. दुहेरी घुमट, वर आणि खाली सज्जे, देखणे खांब, आणि एके काळी भिंतींवर चित्रे व खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होते. १६९१ च्या डिसेंबरात समुद्रप्रवासात हा अधिकारी वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरले. त्याच्या अधिकाराचे आज कोणाला काही नाही. त्याचे नाव राहिले ते ‘होर्तुस मलाबारिकुस’ या ग्रंथामुळे. कोचीनला गव्हर्नर असताना त्याने मलबारातील वनस्पतींची माहिती आणि चित्रे जमविण्यास आरंभ केला आणि १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. या कामात इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य त्याच्या साह्याला होता. मराठी वाचकाला अधिक जवळची गोष्ट पुढेच आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्य ब्राह्मणांनीही माहिती पुरविली, आणि त्यांचे १६७५ सालचे कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापले गेले. नागरी लिपीच्या छपाईचा हा फार जुना नमुना आहे. सुरतेच्या त्या घुमटाखाली असा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, याची कल्पना तेथून जाणाऱ्या किती मराठी माणसांना असेल?

डचांच्या शेजारीच आर्मेनियन व्यापारी झोपले आहेत. त्यांनी घुमट बांधले नाहीत. जमिनीलगतच्या शिळांवर त्यांच्या लिपीतील लेख तेवढे आहेत. आपला मुलूख दूर सोडून आलेल्या त्या लहानशा समाजाला सुरतेने व्यापारही दिला आणि मातीही दिली.

बाहेरून येणाऱ्याला सामावून घेण्याची ही रीत मुघलसराई या वास्तूत अधिक स्पष्ट दिसते. शाहजहानच्या काळी, १६४४ साली, प्रवाशांसाठी ही धर्मशाळा बांधली गेली. मक्केला जाणारे यात्रेकरू सुरतेहून जहाजात बसत, म्हणून या नगरीला मक्केचा दरवाजा म्हणत. एकोणिसाव्या शतकात सराईचा काही काळ तुरुंग झाला आणि पुढे नगरपालिकेने आपली कचेरी तेथे थाटली. पाहुण्यांचे घर, कैद्यांचे घर आणि नागरिकांच्या कारभाराचे घर, एवढे फेरे एका वास्तूने पाहिले. प्राण्यांनाही या नगरीत थारा होता. येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने गुरे, घोडे आणि इतर जनावरे यांच्या शुश्रूषागृहाचे मोठ्या आश्चर्याने वर्णन केले आहे. जैन आणि वैष्णव महाजनांच्या दयाबुद्धीतून निघालेली पांजरापोळ ती हीच.

मग अशा नगरीचे वैभव गेले कसे? मराठी स्वाऱ्यांनी सुरत बुडाली असे पुष्कळदा लिहिले जाते. धक्का मोठा होता यात शंका नाही. परंतु त्यानंतरही अनेक दशके सुरतेचा व्यापार चालूच होता. खरी कारणे सावकाश काम करणारी होती. तापीचा गाळ वाढत होता, मोगल सत्ता ढासळत होती, इंग्रजांनी १६८७ साली आपले मुख्य ठाणे मुंबईला हलविले होते. व्यापाऱ्यांमागून कारागीर गेले. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा पारशी सुतार मुंबईच्या गोदीत आला, आणि त्याच्या वंशजांनी इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी लढाऊ जहाजे बांधली. त्यांतील १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. मुंबईच्या भरभराटीत सुरतेचा वाटा असा आहे. उरलेसुरले १८३७ च्या एप्रिलमधील आगीने नेले. उकळते डांबर पेटून लागलेली ही आग लाकडी घरांच्या दाट वस्तीत पसरली आणि नऊ हजारांहून अधिक घरे जळाली.

आगीनंतर सात वर्षांनी, १८४४ साली, याच भाजलेल्या नगरीत एक नवी गोष्ट घडली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांना मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणतात, ते त्या काळी सुरतेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी हे तेथीलच गुजराती शिक्षक. या दोघांनी मित्रांच्या साह्याने मानवधर्म सभा स्थापिली. जातिभेद, विधवांचे हाल, भुताखेतांचे भय यांवर तेथे उघड चर्चा चाले. दादोबांनी पुढे मुंबईत परमहंस सभा काढली, तिचे बीज सुरतेतले. लूट, तह आणि फूट यांच्या पंक्तीला हा चौथा प्रसंग पाठ्यपुस्तकात का बसू नये? त्यात एक मराठी माणूस सुरतेत जातो तो काही घेण्यासाठी किंवा मागण्यासाठी नव्हे, शिकविण्यासाठी, आणि गुजराती शिक्षकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. पुढच्या पिढीत याच नगरीत कवी नर्मदने सुधारणेचा झेंडा उचलला. आमलीरान भागातील त्याचे घर आज स्मारक म्हणून जतन केले आहे.

उरलेल्या दोन प्रसंगांच्या जागा दाखविण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सैन्याच्या साह्याच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठी राष्ट्रसभेचा मंडप उभारला होता. त्यात लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर ठाम उभे राहिले, दक्षिणी जोडा भिरभिरत आला, आणि अध्यक्ष रासबिहारी घोष यांना सभा तहकूब करावी लागली. अधिवेशन मुळात नागपूरला भरावयाचे होते. ते सुरतेला हलविण्यात आले, म्हणून हे भांडण तिच्या नावावर लागले एवढेच.

सुरत पुन्हा उभी राहिली ती हाताच्या कामावर. चांदीची किंवा तांब्याची तार लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करावी, ती चपटी करावी, रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळावी आणि तिला सोन्याचे पाणी द्यावे, ही जरीची कला येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जे मोर झळकतात त्यांतली जर बहुधा सुरतेची असते. जरीमागून कृत्रिम रेशमाचे माग आले, हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने आले. जगात घडविल्या जाणाऱ्या हिऱ्यांचा फार मोठा भाग आज या नगरीतून जातो. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ४४ लाखांवर गेली होती.

आघात तरीही थांबले नाहीत. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि घाणीने भरलेले नगर म्हणून सुरतेचे नाव जगभर झाले. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी सफाईची कडक व्यवस्था बसविली आणि नागरिकांनी ती टिकविली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. त्यातूनही ते सावरले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला.

या नव्या सुरतेत मराठी माणूस फार मोठ्या संख्येने आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने तो येतो आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मागांच्या खडखडाटात राहतो. त्याच्या मुलांसाठी महापालिका मराठी शाळा चालविते. हिवाळ्यात तापीकाठी कोवळ्या ज्वारीचा पोंक विकायला येतो, तेव्हा त्याला आपल्या शेतावरचा हुरडा आठवत असेल. त्या मराठी शाळेत इतिहासाच्या तासाला सुरतेची स्वारी शिकविली जाते तेव्हा वर्गातील मुलगा खिडकीतून ज्या शहराकडे पाहतो ते त्याचे स्वतःचे शहर असते. त्याला शिवाजीमहाराजांचा पराक्रम सांगावाच. त्याचबरोबर महाराजांनी न तोडलेली दारे, गोपीचे तळे, कोंकणी वैद्यांची नागरी अक्षरे आणि दादोबांची सभा हेही सांगावे. सुट्टीच्या एखाद्या दिवशी मुलांना घेऊन या जागा पायी हिंडता येतात. त्यासाठी रेल्वेचे तिकीटही काढावे लागत नाही.